खंडेनवमीचं पाणी

७८६
पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ ऑक्टोबर २००९

मल्हार यास मजीदचा सलाम.

खिशात मोबाइल असताना पत्र आलेलं पाहून तुला नवल वाटेल. तुझ्या त्या खोऱ्यात रेंज नाही हे मला ठाऊक आहे. पण तू टेकडीवर चढून फोन केलास तरी "आवाज येत नाय" म्हणून ठेवून देतोस. तीन वेळा असं झालं. माझ्याकडे तर तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. म्हणून कागदावर विचारतो.

वहाबला जाऊन आज बावीस दिवस झाले. धाकटा भाऊ म्हणून सांगत नाही, पण त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही. सात वर्षांपूर्वी तूच त्याला दौलताबादहून त्या नदीवर नेलंस, राफ्ट चालवायला शिकवलंस. त्याच्याबरोबर तू जेवलास, झोपलास. मग पेपरात "नाविक नशेत असल्याची चर्चा" असं कसं छापून येतं? चर्चा कोण करत होतं? त्या जंगलात तुमच्याशिवाय आहे कोण?

तो पेपर दौलताबादेत आमच्या गल्लीत घरोघर फिरला. बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा मिळतो, असं मौलवीसाहेबांनी अम्मीला सांगितलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर ती उठून बसत होती, दोन घास खात होती. आता बायका तिच्या तोंडावर विचारतात, "पियेला था क्या?" ती दारसुद्धा उघडत नाही. वहाबची बायको सगीरा माहेरी जायला निघाली होती, मी हात जोडून थांबवलं. रक्ताच्या तपासणीचा अहवाल यायला सहा महिने लागतील म्हणतात. सहा महिने लोक थांबत नाहीत.

तू दोन ओळी लिही. वहाब शुद्धीत होता, प्यायलेला नव्हता, एवढंच. खाली सही कर. जुम्याच्या नमाजानंतर मी ते सगळ्यांसमोर वाचीन. लोकांसाठी हवं आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. ईदला तुम्ही दोघं घरी आलात तेव्हा तू अम्मीला म्हणाला होतास, "चाची, राफ्टच्या पुढं माझी एकट्याची छोटी होडी असते. मी पाणी बघतो, मगच वहाब मागून येतो. माझ्याबिगर राफ्ट हालत नाय." त्याला सहाच दिवस झाले होते. त्या सकाळी तू कुठं होतास?

मजीद

॥ जय मल्हार ॥
कॅम्प, मु. सोनशेत
२७ ऑक्टोबर २००९

मजीद, रामराम.

पोस्टमन इथं आठवड्यातून दोनदा येतो, म्हणून उशीर. चाचीला नमस्कार सांग. सगीराला काय सांगावं ते मला सुचत नाय.

तुला इथलं पाणी माहीत नाय म्हणून सांगतो. आपली गोदावरी जशी तिच्या मनानं वाहते तशी ही भोरजाई वाहत नाय. पावसाळा सरला की हिच्यात घोटाभर पाणी. वर धरणाच्या पायथ्याला पावरहाऊस आहे. सकाळी सातला तिथल्या मशीनी सुरू झाल्या की पाणी सुटतं, आठला कॅम्पला पोचतं, आणि पार अकरापर्यंत नदी फुगलेली राहते. तेवढ्या वेळात चौदा किलोमीटर उतरायचं. दोन्ही अंगाला जंगल, मधे गाव नाय, रस्ता नाय, खडकाखडकांतून पांढरं पाणी उसळत जातं. मागं कुणी थांबला तर पाणी त्याला सोडून जातं.

त्या दिवशी राफ्ट दगडावर अडकली. वहाब सोडवायला खाली उतरला. तेवढ्यात पाणी आलं. यात कुणाचा काय इलाज? मला ताप होता. मी कॅम्पवर निजून होतो.

सहीचं म्हणशील तर मालकांना, नानासाहेबांना, विचारावं लागंल. पेपरवाले काय बी छापतात. मनावर घेऊ नको. वहाब देवमाणूस होता.

तब्येतीला जप.

तुझा मल्हार

७८६
पुंडलिकनगर
५ नोव्हेंबर २००९

मल्हार,

देवमाणूस होता हे लिहायला तुला मालकाची परवानगी लागली नाही. प्यायलेला नव्हता हे लिहायला लागते. हा फरक मला कळला नाही.

मी शिंपी आहे. कपडा उसवायचा तर आधी गाठ कुठं मारली आहे ते शोधतो. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाणी अकरापर्यंत राहतं, असं वर लिहिलंस. राफ्ट साडेनऊला अडकली, असं पेपरात आहे. नदी फुगलेली होती तर राफ्ट दगडाला लागली कशी? आणि "तेवढ्यात पाणी आलं" म्हणजे काय? आधीचं पाणी कुठं गेलं होतं?

दुसरी गाठ तुझ्या तापाची.

इथं पुंडलिकनगरात माझ्या दुकानाला लागून आप्पासाहेबाची पिठाची गिरणी आहे. परवा एक बाई जुना राग काढून त्याच्याशी भांडत होती, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन चकरा मारल्या आणि गिरणी बंद होती. तो म्हणाला, "वहिनी, खंडेनवमीला बी गिरणी चालवू का? हारात पट्टा गुंतवू?" ऐकलं आणि माझ्या हातातली कातर थांबली. दरवर्षी त्या दिवशी तो माझ्या शिलाई मशीनलाही झेंडूचा हार घालतो. म्हणतो, "मियाँ, आज मशीनला सुट्टी. तू बी गप चहा पी." मी पितो. यंदाही आम्ही चहा पीत होतो, मशीनवर हार होता, आणि तुझा फोन आला.

मी आप्पासाहेबाला विचारलं, "तो दिवस खंडेनवमीचाच होता ना? नक्की?"

"मग हार काय तुझ्या लग्नाचा होता?" तो म्हणाला.

मल्हार, तुझ्या घरचा तो दिवस मी लहानपणापासून पाहिला आहे. तुझी आई, वच्छलाकाकू, मेंढरांची कातर, कोयता, कुऱ्हाड सगळं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची. मग दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा मी पतंगाचा दोरा कापायला ती कातर उचलली तर तिनं मला धपाटा घातला, आणि मग रडू नये म्हणून खोबरं दिलं. तू तिचाच मुलगा आहेस.

तुझा ताप नवमीला चढला आणि दसऱ्याला उतरला का?

खरं लिही. तुझं वल्हं त्या दिवशी कुठं होतं?

खाली "लोभ असावा" लिहीत नाही. आहे की नाही ते तुझ्या उत्तरावरून कळेल.

मजीद

कॅम्प, सोनशेत
१५ नोव्हेंबर २००९

मजीद,

व्हय, होती खंडेनवमी. व्हय, वल्हं पूजेला लावलं होतं. माझी भाकर त्या वल्ह्यावर आहे. वर्षातून एक दिवस त्याला हळदकुंकू लावलं तर गुन्हा केला का? तू रोजा सोडतोस का कुणाच्या सांगण्यावरून?

वहाबच म्हणाला, मी एकटा नेतो. तो छत्तीस वर्षांचा बाप्या होता, त्याला मी हाताला धरून बसवणार होतो का?

कोर्टात उभं केल्यासारखं विचारतोस. आपण एका बाकावर बसून शिकलो, हे तरी ध्यानात ठेव. मला पुन्हा असलं पत्र लिहू नको.

मल्हारराव

७८६
पुंडलिकनगर
२ डिसेंबर २००९

मल्हारराव,

रोज्याचं विचारलंस म्हणून सांगतो. रोजा मी धरतो आणि उपाशी मीच राहतो. दुसऱ्याला ठेवत नाही.

बकरी ईद झाल्यावर मी तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. एसटीनं दीड दिवस लागला. तिथला हवालदार भला माणूस निघाला. मयताचा भाऊ म्हटल्यावर त्यानं पंचनाम्याची नक्कल दिली. त्यात आहे ते तसंच उतरवतो: "मयत वहाब याने वरिष्ठांची परवानगी न घेता व सोबतची लहान होडी न घेता राफ्ट पाण्यात नेली. तो नशेत असावा असा संशय आहे."

खाली साक्षीदारांच्या सह्या. दुसरी सही तुझी.

मी पुन्हा पुन्हा पाहिली. वाटलं, कुणी खोटी केली असेल. पण "मल्हारराव"मधल्या दोन्ही र-च्या शेपट्या तू चौथीत मारायचास तशाच आहेत. गुरुजी त्यावरून तुला मारायचे.

मागच्या पत्रात लिहितोस, वहाब म्हणाला मी एकटा नेतो. कुणाला म्हणाला? तुलाच ना? म्हणजे त्यानं विचारलं होतं. त्याचा वरिष्ठ तूच. मग परवानगी न घेता कशी नेली?

आणि संशय कुणाला आला? तुला? त्याच्याशी तू त्या सकाळी बोललास, तेव्हा आला?

तुमच्या कॅम्पच्या फाट्यावर मी उतरलो होतो. तिथून पायी तासाभराची वाट, असं चहावाल्यानं सांगितलं. मी तिथल्या दगडावर बसून राहिलो आणि परतीची बस आली तेव्हा चढलो. तुझं तोंड पाहिलं असतं तर तू सांगशील ते मी खरं मानलं असतं. मला ते नको होतं.

आता माझ्या मनात काय येतं ते स्पष्ट लिहितो. पाण्यात काहीतरी वेगळं होणार हे तुला आधी कळलं होतं. म्हणून तू काठावर राहिलास आणि माझ्या भावाला पुढं घातलंस. हे खोटं असेल तर खोटं आहे म्हणून लिही. गप्प राहिलास तर मी खरं धरीन, आणि दौलताबादेत तसंच सांगेन.

मजीद

॥ जय मल्हार ॥
सोनशेत
३ जानेवारी २०१०

मजीद,

महिनाभर गप्प राहिलो. तुझं पत्र उशाखाली होतं.

मला आधी कळलं होतं, हे खोटं आहे. खंडेरायाची आण घेऊन सांगतो. पण मला कळायला पाहिजे होतं, हे खरं आहे. ते कसं, ते सगळं सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाय.

त्या दिवशी रविवार होता. सहा पाहुणे आले होते, पुण्याचे. नियम असा, की माझी छोटी होडी पुढं गेल्याशिवाय राफ्ट सोडायची नाय. माझं काम पाणी वाचायचं. पाणी चढतंय का उतरतंय ते दगडावरच्या ओलीवरून कळतं. कमी वाटलं तर मी शिट्टी मारून राफ्ट काठाला घ्यायला लावतो. मागं बसलेल्याला पाहुण्यांच्या गडबडीत ते दिसत नाय.

सकाळी मी होडी काठावर धुतली, वल्हं पाटावर ठेवलं, नारळ फोडला. दरवर्षी त्या दिवशी आम्ही पाहुणे घेत नाय. यंदा नानासाहेबांनी घेतले. मी त्यांना म्हणालो, "मी वल्ह्याला हात लावणार नाय." ते म्हणाले, "मग पाहुण्यांना मी काय आरती म्हणून दाखवू?"

वहाब तिथंच हेल्मेट पुसत होता. हसला. म्हणाला, "भाऊ, तुमचा देव माझ्यामुळं उपाशी नको राहायला. मी नेतो एकटा. रोजचं पाणी, रोजची वाट."

मी म्हणालो, "पुढं कुणी नाय."

तो म्हणाला, "एक दिवस. तुम्ही हो म्हणा, मग नेतो."

मी हो म्हणालो. प्रसादाचं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं खाल्लं, बिस्मिल्ला म्हणून राफ्ट लोटली. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्याच्या तोंडाला खोबऱ्याचा वास होता, दुसरा कसलाच नाय.

साडेनऊच्या सुमारास घळीत नदी एकाएकी उतरली. राफ्ट दोन खडकांमधे बसली. वहाबनं सहाच्या सहा पाहुण्यांना हाताला धरून काठावरच्या मोठ्या खडकावर चढवलं. मग राफ्ट सोडवायला तो एकटा खाली गेला. गुडघाभर पाणी होतं. अर्ध्या तासानं पूर्ण पाणी एकदम आलं. पाहुणे वरून ओरडले. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसंल.

संध्याकाळच्या आत पोलीस आले. नानासाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "छोटी होडी नव्हती हे आपल्या अंगावर आलं तर कॅम्प बंद, आणि पहिला आत जाशील तू. गेलेला माणूस परत येत नाही." दारूचं बी त्यांनीच काढलं. लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मी सही केली.

भ्यालो म्हणून केली, असं तुला वाटंल. तेवढंच नाय. मजीद, मला त्या दिवशी आत कुठंतरी वाटत होतं, की देवानं मला वाचवलं. पूजा केली, नेम मोडला नाय, म्हणून त्यानं मला काठावर ठेवलं. आणि वहाब गेला म्हणजे त्याचंच काहीतरी चुकलं असंल. असं मनात आलं की सही करायला हात अडत नाय.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी पावरहाऊसवर कामाला असलेला सांडू कॅम्पवर आला होता. मी त्याला विचारलं, त्या दिवशी मधेच पाणी का तोडलं? मी येडा असल्यासारखा तो माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "खंडेनवमी नव्हती का? आठला मशीनी बंद केल्या, हार घातले, नारळ फोडला, पेढे वाटले. साडेआठला परत सुरू. दरवर्षीचं आहे." दरवर्षी त्या दिवशी नदीवर कुणी नसतं, म्हणून आम्हाला कधी कळलं नव्हतं.

वहाबला हे सुचणार नव्हतं. पुण्याच्या पाहुण्यांना सुचणार नव्हतं. नदीवर त्या दिवशी एकच माणूस असा होता, की ज्यानं आपलं हत्यार पूजेला लावलं होतं, आणि वर जी माणसं मशीनी चालवतात तीबी तेच करतील हे ज्याच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. मी नारळ फोडत होतो. मला फक्त माझाच देव दिसत होता.

काल ठाण्यात जाऊन नवा जबाब दिला. परवानगी मी दिली, नियम मी मोडला, वहाब प्यायलेला नव्हता, आधीची सही खोटी. हवालदारानं दोनदा विचारलं, "मल्हारराव, हे असंच लिहायचं?" मी म्हणालो, असंच. केस माझ्यावर होईल. होऊ दे. नानासाहेबांनी कॅम्पवरून काढलं. सांडूच्या पडवीत राहतोय.

सोबत वेगळ्या कागदावर, तू मागितलं होतंस ते, सहीनिशी लिहिलं आहे. दोन ओळींत मावलं नाय. पान भरलं.

मल्हार

७८६
दौलताबाद
१६ जानेवारी २०१०

मल्हार,

काल जुम्याला तुझा कागद वाचला. नमाज झाल्यावर मौलवीसाहेबांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. सत्तर-ऐंशी माणसं असतील. "मी परवानगी दिली" इथपर्यंत मी वाचलं, पुढचं मौलवीसाहेबांनी वाचलं. खोबऱ्याच्या वासाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पेपर घेऊन जो सगळ्यात जास्त फिरला होता तो खाली मान घालून चपला शोधत राहिला. त्याच्या चपला समोरच होत्या.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. सगीरा पडद्याआडून ऐकत होती. अम्मी म्हणाली, "मल्हार ने बुरा किया. बहुत बुरा किया. लेकिन लिख्या तो सही." आज सकाळी तिनं दार उघडून अंगण झाडलं. मधे तीन महिने, दुकानाला निघण्याआधी, ते मीच झाडत होतो.

तुझ्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मलाच नीट सांगता येत नाही. तू पाणी सोडलं नाहीस, तू त्याला ढकललं नाहीस. तरी तू त्याच्यावर चिखल उडवून तो वाळू दिलास. तुला माफ केलं, असं लिहायला बसलो की हात थांबतो. खोटं लिहिण्यापेक्षा थांबलेला बरा. तुझ्यावर जी केस होईल तिच्या तारखेला मी येईन. तुझ्या बाजूनं येईन की नुसता बसायला, ते तेव्हा कळेल.

पण एक गोष्ट आहे. ती तुलाच सांगता येते. दुसऱ्या कुणाला सांगितली तर अम्मीपर्यंत जाईल.

वहाबला घेऊन गाडी आली तेव्हा पेपर अजून छापलाही गेला नव्हता. गाडीच्या ड्रायव्हरनं मय्यत उतरवताना मला हळूच सांगितलं, "तिकडं बोलतात, घेतलेली होती." मी त्याची कॉलर धरली नाही. "खोटं आहे" म्हणालो नाही. ऐकून घेतलं.

मग दफनाआधीची गुस्लची अंघोळ घालायला घेतली. मौलवीसाहेब पाणी ओतत होते. मी वहाबच्या तोंडाशी वाकलो. सगळ्यांना वाटलं, थोरला भाऊ कानात कलमा म्हणतोय. कुणीतरी मागं हुंदका दिला.

मी त्याचं तोंड हुंगत होतो.

शेवाळाचा वास होता, ओल्या दगडाचा. दुसरं काही नव्हतं. तेवढ्यावर मन शांत व्हायला हवं होतं. छत्तीस वर्षं मी त्याला ओळखत होतो. त्याला बाराखडी मी शिकवली, पहिला रोजा माझ्या शेजारी बसून त्यानं सोडला. पण मी सरळ झालो तेव्हा मनात आलं, पाण्यानं धुऊन गेला असेल.

तू ज्या कागदावर सही केलीस तो मी पोलीस ठाण्यात जाऊन पाहिला, आणि तुला त्यावरून बोललो. तशीच सही त्या दिवशी मनात मीही केली होती. माझी कुणी पाहिली नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तुझा कागद लोकांसाठी हवा आहे. मल्हार, लोकांसाठी मागितला नव्हता.

मजीद